निरीक्षण उत्तम

'काल संध्याकाळी घरी काय केले? पाच ओळी लिहा.' प्रश्न एवढाच होता. त्यावर आमच्या दुसरीतल्या कन्येने शिसपेन्सिलीने, अक्षर दोन रेघांच्या मध्ये नीट बसवून लिहिलेलं उत्तर असं : 'काल बाबा लवकर घरी आले. बाबांनी साहेबांना फोनवर सांगितले की आजोबा खूप आजारी आहेत. आजोबा आजारी नव्हते. ते कॅरम खेळत होते. राणी आजोबांनी घेतली.'

खाली बाईंचा लाल शेरा होता : 'छान. ऱ्हस्व-दीर्घ पाहणे.'

ऱ्हस्व-दीर्घ सोडलं तर त्यात चुकीचं काहीच नव्हतं. तीच तर पंचाईत!

आधी मला वाटलं, घरोघरच्या संध्याकाळी गोळा करण्याचा हा या बाईंचाच छंद असेल. पण चौकशी केल्यावर कळलं, की याची पाळंमुळं थेट दिल्लीत आहेत. केंद्र सरकारचं २०२० सालचं दप्तर धोरण सांगतं, की दुसरीपर्यंतच्या मुलांना गृहपाठ देऊ नये. त्याऐवजी त्यांना वर्गात बोलतं करावं. संध्याकाळ कशी घालवली, कोणते खेळ खेळलात, काय खाल्लंत, हे विचारावं. हे कलम लिहिणारे सद्गृहस्थ एकतर संत असावेत, किंवा त्यांच्या घरी दुसरीतलं मूल नसावं. आमच्या बाई त्याच्याही एक पाऊल पुढे आहेत. मुलं जे बोलतात ते त्या वर्गातच लिहून घेतात. गृहपाठ होता तेव्हा निदान मजकूर आईबापांच्या डोळ्यांखालून जायचा, चार ओळींवर खोडरबर फिरवता यायचा. आता वही दप्तरातून घरी येते तेव्हा मजकूर प्रसिद्ध होऊन गेलेला असतो.

त्याच धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असंही म्हटलंय. कन्या वीस किलोची, म्हणजे दप्तर दोन किलोचं. आमच्या दप्तरातले दगड, गुलमोहराच्या शेंगा आणि दिवाळीतली होळीला सापडलेली अर्धी चकली काढली, तर ते नियमात बसतं. माझ्या मनावर जे ओझं येतं ते एकट्या मराठीच्या वहीचं.

'वाक्यात उपयोग करा' हा प्रकार आमच्या वेळी अगदी निरुपद्रवी होता. 'कमळ' आलं की 'मी कमळ पाहिले', 'गवत' आलं की 'मी गवत पाहिले', असं लिहून आम्ही मोकळे होत असू. कन्येच्या बाई 'नेहमी', 'कधीकधी', 'म्हणून' असले शब्द देतात. हे शब्द फार वाईट. 'आई नेहमी पाच मिनिटांत आले म्हणते.' 'मावशी येणार होती म्हणून आम्ही घर झाडले.' 'बाबा कधीकधी भांडी घासतात आणि मग सगळ्यांना फोन करून सांगतात.' यातलं 'सगळ्यांना' मला मान्य नाही. मी फोन फक्त माझ्या बहिणीला केला होता. बाकीच्यांना ग्रुपवर फोटो टाकला होता.

'उपास' या शब्दाचं वाक्य झालं : 'आजी उपासाला खूप खाते.' आमच्या आईने ते वाचलं, चष्मा काढला आणि साबुदाण्याच्या खिचडीची बशी बाजूला सारली. दुपारपर्यंत बशी रिकामी झालेली होती. ती कोणी रिकामी केली हे अजून वहीत आलेलं नाही, त्यामुळे मीही काही बोललेलो नाही.

चाचणीत 'कोण कोणास म्हणाले?' असा प्रश्न होता. कुठल्याशा गोष्टीतला सिंह जंगलातल्या समस्त प्राण्यांना दरडावून सांगतो, 'मी म्हणेन तेच होईल.' कन्येने लिहिलं, 'आई बाबांना म्हणाली.' बाईंनी फुलीही मारली नाही आणि बरोबरची खूणही केली नाही. अर्धा गुण दिला. बायकोच्या मते पूर्ण गुण मिळायला हवा होता.

गणितात तरी घरचं काही येणार नाही, असं मी समजत होतो. 'मीनाकडे १२ आंबे होते. तिने ५ आंबे मैत्रिणीला दिले. तर मीनाकडे किती आंबे उरले?' कन्येचं उत्तर : १२. खाली रीत लिहिली होती : 'आई देऊ देत नाही.'

मी समजावायला बसलो.

"अगं, समज, दिले तिने."

"हापूस?"

"समज, हापूस."

"मग नाहीच देणार."

"बरं, रायवळ समज."

"रायवळ असतील तर सात उरले," ती म्हणाली, आणि पुढच्या उदाहरणाकडे वळली. तिथे कुणीतरी ८ लाडू वाटणार होतं. तिने आधी वर माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बेसनाचे की उरलेल्या पोळीचे?"

आकड्यांचा घोळ आणखी निराळा. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत सगळे एकदम दुसरीत जाऊन बसले होते. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. लिहिताना आधी दोन आणि मग एक, बोलताना मात्र आधी एक आणि मग वीस, शिवाय वर जोडाक्षरं. यात लहान मुलं अडखळतात, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. आमच्या वडिलांनी त्या वेळी 'बुडाली मराठी' म्हणून कपाळाला हात लावला होता. आता नात हाताशी आल्यावर मराठी वर काढायचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं आहे.

"लिही, एकोणसत्तर."

तिने ७९ लिहिले.

"अगं, एकोण म्हणजे एक उणा. एक कमी."

"कशातून?"

"सत्तरातून."

"मग सत्तर एवढ्या मोठ्याने का म्हणता?"

वडील माझ्याकडे वळले. "सांग रे तिला समजावून." मी विचारमग्न चेहरा केला. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद या मंडळींची गाठ पडली, की मी आजही मनातल्या मनात इंग्रजीत मोजून खात्री करून घेतो. हे वडिलांना माहीत नाही. कन्येला माहीत आहे, कारण खात्री करताना माझे ओठ हलतात. आणि कन्येला जे माहीत असायचं ते 'माझी नोंद'मध्ये जायचं.

'माझी नोंद' ही सरकारने दिलेली सोय. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली होती. त्यांवर मुलांनी धड्यातले महत्त्वाचे मुद्दे, अवघड शब्द टिपून ठेवावेत, असा हेतू. कन्येने 'माझी' हा शब्द अक्षरशः घेतला. 'बाबा एकोणसत्तर इंग्रजीत म्हणतात.' 'आईची नवी साडी जुनी आहे असे बाबांना सांगायचे.' 'समोरचे काका आपला पेपर आधी वाचतात आणि शब्दकोडे सोडवतात.' २०२५ मध्ये सरकारने ही कोरी पानं बंद केली. सरकारी कारण काहीही असो. मंत्रालयात कोणाच्या तरी हाती आमच्या घरचं पुस्तक लागलं असावं, असा माझा दाट संशय आहे. साडीबद्दल मी बायकोला काहीच विचारलं नाही. ती नोंद मी वाचली आहे हे तिला कळलंय, आणि तिला कळलंय हे मला कळलंय, एवढं पुरेसं आहे.

'माझी आई' हा निबंध प्रत्येक मराठी मुलाच्या आयुष्यात एकदा येतोच. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं आणि तमाम मराठी आयांच्या अपेक्षा कायमच्या वाढवून ठेवल्या. निबंधाचा तास झाल्याचं कळल्यापासून बायको वहीची वाट पाहत होती. डोळे पुसायला पदर नव्हता, म्हणून तिने ओढणी घेतलेली मी पाहिली. निबंध असा होता : 'माझी आई सकाळी सहाला उठते आणि ओरडते. मग आम्ही उठतो. ती बँकेत जाते. बँकेत ती हळू बोलते. तिला चहा, झोप आणि मी आवडते. बाबा फार आवडत नाहीत पण चालतात.'

बायकोने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "मी बँकेत हळू बोलते हे हिला कोणी सांगितलं?" एवढंच तिने विचारलं. शेवटच्या वाक्याबद्दल मी खुलासा मागितला.

"चालतात असं लिहिलंय ना?" ती म्हणाली, आणि कुकर लावायला गेली.

पण हे सगळं शाईपेन्सिलीपुरतं झालं. खरी बेअब्रू झाली ती किल्ल्याने. रात्री साडेनऊ वाजता, गादी घालून झाल्यावर, कन्या म्हणाली, "बाबा, उद्या किल्ला न्यायचाय." अशी वाक्यं मुलं गादी घातल्याशिवाय उच्चारत नाहीत. दुकानं बंद झालेली. थर्माकोल तर २०१८ च्या बंदीनंतर घरातून गेलेलाच. मग माळ्यावरून मिक्सरचा खोका काढला. हमीपत्र आत आहे, खोका फाडू नकोस, असं बायको म्हणाली. मिक्सर बंद पडून जमाना झाला होता, पण हमीपत्रावर तिचा विश्वास अढळ आहे.

"कुठला किल्ला?" वडिलांनी अंथरुणातून उठून विचारलं.

"शिवनेरी," कन्या म्हणाली, आणि झोपी गेली.

"शिवनेरी म्हणजे सात दरवाजे," वडील म्हणाले.

"दुसरीचा प्रकल्प आहे बाबा. एक दरवाजा पुरे."

"महाराजांचा जन्म झाला त्या गडावर, आणि तू दरवाजात काटकसर करतोस?"

पुढे ते नावं घेत गेले आणि मी पुठ्ठा कापत गेलो. महादरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा, पीर दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा, कुलाबकर दरवाजा. परवानगीच्या दरवाजापर्यंत माझा हात बरा चालत होता. हत्ती दरवाजाला कटर घसरला, बोट कापलं आणि माझ्या तोंडून एक शब्द निसटला. शब्द काही फार मोठा नव्हता, तीन अक्षरी होता. कन्या झोपलेली आहे असा आमचा सर्वांचा समज होता. पीर दरवाजाला फेविकॉल संपला. उरलेले तीन दरवाजे कणकेच्या खळीने चिकटवले. मध्यरात्र उलटल्यावर वडिलांनी गडावर नजर टाकून 'शिवाई देवीचं देऊळ राहिलं' असं जाहीर केलं. मी ते ऐकलं नाही, असं ठरवलं.

शिवनेरीला कडेलोटाचं टोक आहे. सकाळी रिक्षात, शाळेच्या अलीकडच्या गतिरोधकावर, आमच्या शिवनेरीने आपलाच कडेलोट करून घेतला. चार दरवाजे जागच्या जागी गेले. उरलेला गड दोन्ही हातांनी धरून मी वर्गात नेऊन ठेवला. शेजारच्या बाकावर एका मुलाचा रायगड होता. त्यावर दिवे लागत होते आणि तलावात खरं पाणी खेळत होतं. पाटीवर त्या मुलाचं नाव, 'इयत्ता २ री' आणि खाली 'हे मी स्वतः केले आहे' असं लेझर छपाईत होतं. त्या मुलाचे वडील बाजूला उभे राहून पाण्याची मोटर कशी बसवली ते सगळ्यांना सांगत होते. मुलगा खिडकीतून बाहेर पाहत होता.

बाईंनी कन्येला विचारलं, "किल्ला कसा केलास, सांग बरं सगळ्यांना."

"मी नाही केला. बाबांनी केला," कन्या खणखणीत आवाजात म्हणाली. "आधी खोका कापायचा. मग फेविकॉल लावायचा. मग बोट कापलं की..." इथे तिने तो तीन अक्षरी शब्द उच्चारला, "...असं म्हणायचं. मग दुसरा दरवाजा."

दिव्यांचा रायगड कोणाच्याच लक्षात राहिला नाही. आमची कृती मात्र वर्गातल्या सगळ्या मुलांना पायरीसकट पाठ झाली. त्या आठवड्यात ज्याच्या ज्याच्या घरी कोणाचं बोट चिमटलं, त्या प्रत्येक घरून बायकोला फोन आला.

आजीच्या मुलाखतीबद्दल मी जास्त लिहीत नाही. 'तुमच्या लहानपणी कोणते खेळ होते?' हा बाईंनी दिलेला प्रश्न. आईने सागरगोट्यांपासून सुरुवात केली. पुढे तिला कोणी थांबवलं नाही, आणि कन्येने पेन्सिल थांबवली नाही. तिसऱ्या पानावर हे होतं : 'आजीला आत्या जास्त आवडते कारण ती लांब राहते. आईच्या पोळ्या जाड असतात पण आजी काही बोलत नाही.' ते वाचून झाल्यावर घरात खरोखरच कोणी काही बोललं नाही. वडील आणि मी कॅरम खेळत बसलो, तोही सोंगट्यांचा आवाज न करता.

पालकसभेला गेलो तर बाईंनी सगळ्यांचे कागद वर्गाच्या भिंतींवर लावलेले. वर्गात शिरल्याबरोबर एक विलक्षण दृश्य दिसलं. प्रत्येक पालक आपापल्या अपत्याच्या कागदाला पाठ लावून उभा होता आणि मान लांब करून शेजारच्याचा कागद वाचायचा प्रयत्न करत होता. एक धिप्पाड गृहस्थ होते, त्यांना सगळा कागद झाकता येत नव्हता. 'माझे बाबा पोलीस आहेत. त्यांना सगळे घाबरतात. ते पालीला घाबरतात.' एका डॉक्टरीणबाईंच्या खांद्यावरून एवढंच दिसलं : 'ती सगळ्यांना गोड खाऊ नका सांगते. तिची चॉकलेटे तांदळाच्या डब्यात आहेत.' एका कागदासमोर कोणीच उभं नव्हतं, कारण पालक आले नव्हते. 'पाहुणे आले की आई काजू काढते. पाहुणे गेले की मोजते.' तो सर्वांनी सावकाश वाचला. मग बायको माझ्या कानात म्हणाली, "गेल्या महिन्यात आपणच गेलो होतो ना रे त्यांच्याकडे?" मी किती काजू खाल्ले होते ते आठवायचा प्रयत्न करत होतो, तेवढ्यात माझी पाठ भिंतीपासून जरा सुटली.

"कॅरम चांगला खेळतात वाटतं वडील तुमचे?" चष्मा लावलेले एक गृहस्थ म्हणाले.

"आपण?"

"मी तुमच्याच ऑफिसात. तिसऱ्या मजल्यावर, हिशेब खात्यात."

माझ्या पोटात गोळा आला. पण त्यांचीही पाठ जरा सुटली होती. मागे कागदावर 'बाबा ऑडिट आहे सांगून मॅच बघायला जातात' इतकं वाचता आलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, हात मिळवले आणि पुन्हा आपापल्या भिंतीला टेकलो.

बाई सगळ्यांकडे सौम्यपणे हसून पाहत होत्या. एवढ्या घरांची अंडीपिल्ली ठाऊक असलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही. सभा संपताना मी धीर केला.

"बाई, एक सुचवू का? निसर्गावर काही द्या की मुलांना. पाऊस, ढग, फुलपाखरू..."

"घर सोडून काहीही," पोलीस म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी जोरात मान हलवली. सबंध वर्गात इतकं एकमत त्याआधी फक्त सहलीची फी कमी करा म्हणताना झालं होतं.

"चालेल की," बाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात 'माझा आवडता पक्षी' देते."

आम्ही सगळे हसतमुखाने बाहेर पडलो. पक्षी म्हणजे मोर, फार तर पोपट. मोर काही कोणाच्या स्वयंपाकघरात येत नाही.

कन्येचा निबंध असा : 'माझा आवडता पक्षी कावळा आहे. तो काळा असतो. तो आमच्या खिडकीत येतो. आजीने केलेली पोळी तो खिडकीतच खातो. आईने केलेली पोळी तो उचलून नेतो आणि समोरच्या काकांच्या गाडीवर टाकतो.' शेरा : 'निरीक्षण उत्तम.'

समोरचे काका रोज सकाळी गाडी पुसताना वर आमच्या मजल्याकडे का बघतात, ते मला त्या दिवशी कळलं. आमच्या आईने वही मिटून शांतपणे देवापुढे दिवा लावला. माझ्या पोळ्यांबद्दल कावळ्याचं काय मत आहे ते समजलेलं नाही, कारण त्या अजून मी केलेल्या नाहीत.

हल्ली बायको सकाळी बँकेत जायच्या आधी खिडकीत उभी असते. पातळ लाटलेली, दोन्ही बाजूंनी तूप लावलेली पोळी हातात. कावळा समोरच्या पत्र्यावर बसून मान वाकडी करून बघतो. काल तो एक उडी पुढे आला, तशी मागून कन्या वही घेऊन धावत आली.

"आई, नको ना! त्याने खाल्ली तर मला सगळं खोडून परत लिहावं लागेल."